कुंकू लावलेले चार सेल

मला दुकानात बोलता येत नाही. एरवी येतं, दुकानात येत नाही. म्हणून मी जन्मभर अशाच दुकानांत गेले जिथं माल समोर मांडलेला असतो. बोट दाखवायचं, पैसे द्यायचे, निघायचं. दुकानदारानं माझं बोट चुकीचं समजून शेजारची वस्तू दिली, तर मी तीही घेऊन येते. अशा कितीतरी वस्तू आमच्या घरात आहेत ज्या कोणी मागितल्या नव्हत्या. त्यात कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा एक लाल पट्टा आहे. आमच्याकडे कुत्रं नाही, कधी नव्हतं.

ऑटोतही माझं हेच. थांबवा म्हणायचं असतं ते तोंडातून निघत नाही. मग दुसरं कोणी जिथं उतरेल तिथं उतरायचं आणि मागं चालत यायचं. प्रताप नगरातले लोक समजतात की मी पायी फिरायला जाते. मी त्यांना समजू देते.

तर अशी मी, आणि एका शनिवारी धरमपेठेतल्या भरल्या दुकानात लोकांसमोर बोलले. काय बोलले ते लिहून ठेवते, कारण पुन्हा कधी बोलेन असं वाटत नाही.

सुरुवात आमच्या यांच्या रेडिओपासून होते. यांची नजर काचबिंदूनं गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून रेडिओ यांच्या कानाला आणि रेडिओचे सेल माझ्या जिवाला. पेन्सिल सेलची एक जोडी आठ-नऊ दिवस चालायची. सकाळी भजनं, मग बातम्या, मग जुनी गाणी, मग त्याच बातम्या. क्रिकेट असलं तर सेल सहा दिवसांतच मान टाकायचे.

मला सेल फेकवत नसत. रेडिओचा आवाज बसला की मी ते सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालायची. रिमोट ऐकेनासा झाला की तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात जायचे, कारण घड्याळ बिचारं फार मागत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं मागं पडलं की सेल काढून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवायचे आणि पुन्हा रेडिओत. उन्हानं सेलात थोडा जीव येतो हे मी माझ्या आईकडून शिकले होते. तिच्याकडं बॅटरी होती, टॉर्च. ती असंच करायची. उन्हात तापलेले सेल घातले की रेडिओ खरंच तासभर बोलायचा. मग एकदम गप्प.

"काहून वं, पेन्शनीत गेलेल्या लोकायले पुन्हा कामावर बोलावून राहिली?" हे विचारायचे.

"तासभर तर चालला ना?"

"तासभर चालला, पण बातम्या सांगता सांगता मेला. शेवटी काय झालं ते मले समजलंच नाही."

त्यानंतरही मी ते फेकत नसे. तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकत असे. उद्या कोणात थोडं काही उरलेलं निघालं तर? असे दोन डबे भरले. एका उन्हाळ्यात मी सेल ठेवले त्याच सुपात मुंगवड्याही घातल्या, जागा वाचावी म्हणून. एक सेल फुटून पाझरला आणि सूपभर वड्या फेकाव्या लागल्या. त्या वड्यांच्या डाळीच्या पैशांत नवे सेल आले असते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी यांनी सांगितलंच.

दोन वर्षांपूर्वी सून आली. ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांशी बोलून तिचा घसा बसतो, म्हणून घरी ती कमी बोलते. मी तर बोलतच नाही. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत असतात. आम्हा दोघींत कधी भांडण झालं नाही, कारण भांडायलाही बोलावं लागतं.

आमचं पहिलं खरं बोलणं त्या डब्यांवरून झालं. ती साखर शोधत होती आणि तिच्या हाती सेलांचा डबा लागला.

"आई, हे काय? एवढे सेल काहून जमवून ठेवले?"

मला वाटलं, आता माझी शोभा होणार. मी म्हटलं, "फेकवत नाहीत."

ती खालीच बसली. म्हणाली, "बरं झालं नाही फेकले. हे ना ओल्या कचऱ्यात टाकायचे, ना सुक्या. मातीत गेले की पाझरतात, मग ते विष पाण्यात उतरतं. हे गोळा करायची वेगळी पेटी असते. तिथून ते कारखान्यात जातात, फोडून त्यातलं जस्त-लोखंड काढतात आणि पुन्हा वापरतात."

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात सांगितलं म्हणे, आमच्या आईंनी इतक्या वर्षांत एक सेल कचऱ्यात जाऊ दिला नाही. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, फार समजदार बाई आहेत. हे सुनेनं मला घरी येऊन सांगितलं. मी चौथी शिकलेली. समजदार हा शब्द माझ्यासाठी त्याआधी कोणी वापरला होता का, ते मी आठवून पाहिलं. नव्हता. माझा लोभ सुनेनं शहाणपण म्हणून खपवला, आणि मी गप्प राहून तो खपू दिला. पण तो शब्द मला फार आवडला. तो घरात राहावा असं वाटू लागलं.

पाडव्याच्या आसपास तिनं चार्जर आणला, सोबत पांढरे-हिरवे चार सेल. हे सेल संपले की फेकायचे नाहीत, चार्जरमध्ये लावले की पुन्हा भरतात, वर्षानुवर्षं. दोन रेडिओत, दोन तयार. दर आठवड्याची सेल खरेदी बंद. आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. कूलरला लावलं, मुलाच्या गाडीला लावलं, मिक्सरला तर आहेच. मी कुंकवाचा करंडा आणला आणि बोट ओलं केलं.

"आई, सेलांना?" सून हसायला लागली. "टोकांना तरी नका लावू. टोकावर कुंकू बसलं तर करंट नाही जाणार."

म्हणून मी पोटावर लावलं. चौघांच्याही पोटावर एकेक टिकली.

महिनाभर सगळं छान चाललं. एकही सेल विकत आणला नाही. मी गल्लीतल्या बायकांना सांगितलं नाही, कारण मी सांगत नसते, पण मनात रोज सांगत होते.

मग मे महिना लागला, आणि माझ्यातली जुनी बाई जागी झाली. चार्जरचा तो लाल दिवा दुपारभर जळताना पाहिला की मला वाटायचं, वीज जाऊन राहिली. आणि बाहेर नागपूरचं ऊन पडलेलं, फुकटचं. ज्या उन्हात गच्चीवर अनवाणी पाय ठेवला तर फोड येतो, त्या उन्हाला चार एवढे एवढे सेल भरता येऊ नयेत, हे मला पटेना. सुनेला विचारायचं धाडस नव्हतं. समजदार बाईनं असं विचारायचं नसतं.

त्याच आठवड्यात तिनं सांगितलं, "आई, धरमपेठेत एका इलेक्ट्रिकच्या दुकानात सेलांची पेटी ठेवली आहे. तुम्हीच टाकून या शनिवारी. नुसतं वरून टाकायचं. कोणाशी बोलावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं न पाहता म्हटलं. तिला माझ्याबद्दल माहीत होतं तर. मला जरा लाज वाटली आणि बरंही वाटलं.

शुक्रवारी मी दोन्ही डबे गच्चीवर सुपात रिकामे केले. द्यायच्या आधी त्यांना शेवटचं एकदा ऊन दाखवावं, कोणात जीव असेल तर ठेवून घ्यावा, असा विचार. रेडिओतली नवी जोडी त्याच दिवशी उतरली होती, दुसरी भरायची राहिली होती. तेही चौघं मी त्याच सुपात एका कडेला ठेवले. शेजारी धोतरावर मुंगवड्या वाळत होत्या. या वेळी वेगळ्या, म्हणजे मी शिकलेच होते काहीतरी. रेडिओत तेवढ्यापुरते दोन जुने घातले आणि यांना काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी ऑटोची वेळ गाठायची घाई. सूप उचललं, डब्यात ओतलं, डबे पिशवीत टाकले आणि निघाले. पेटी दुकानाच्या दारातच होती. कुलूप लावलेली, वर वाटीएवढं भोक. मी मुठीमुठीनं सेल टाकले. काय सुंदर आवाज येत होता. पेटीवर लिहिलेलं मी वाचलं, मी सगळ्या पाट्या वाचते, हळू वाचते पण पूर्ण वाचते. वापरलेले सेल इथे टाका. पेटी दर शनिवारी दुपारी चार वाजता नेली जाते. अगदी वेळेवर आले, असं मला वाटलं. रिकामे डबे घेऊन मी ताठ मानेनं घरी आले.

जेवण झाल्यावर हे म्हणाले, "रेडिओचा आवाज बसला वं. ते नवे सेल दे. साडेतीनले मॅच आहे."

मी गच्चीवर गेले. सूप रिकामं होतं. अर्थात रिकामं होतं, सकाळी मीच रिकामं केलं होतं. तरी मी ते उलटं करून पाहिलं. त्याखालीही पाहिलं. मग तिथंच पिंपाच्या सावलीत बसले.

चार सेल गेले याचं वाईट होतंच. पण सून सातला येणार, चार्जर उघडणार आणि विचारणार. मग उन्हाचं सांगावं लागणार. घरात पहिल्यांदा आलेला तो एक शब्द, समजदार, तो चार वाजता पेटीबरोबर गाडीत बसून जाणार होता. तेव्हा पावणेदोन झाले होते.

मी खाली आले. पिशवीत एक कांदा टाकला, ऊन लागू नये म्हणून आम्ही टाकतोच, आणि डोक्याला पदर गुंडाळला.

"सेल मिळाले का?" यांनी विचारलं.

"गच्चीवर आहेत. आणते," मी म्हटलं, आणि धरमपेठेला गेले.

त्या दिवशीही ऑटोवाल्याला थांबवा म्हणता आलं नाही. दोन चौक मागं चालत आले. दुकानात गर्दी होती. मे महिन्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात सगळे कूलरचे पंप घ्यायला येतात. गल्ल्यावर चाळिशीची एक बाई, आवाज खणखणीत. मी पुढं झाले.

"काय पाहिजे काकू?"

पेटी माझ्या पाठीशी होती. तिच्याकडं वळून बोट दाखवायला हवं होतं. माझं बोट उठलं ते सवयीनं सरळ समोर. समोर साधे पेन्सिल सेल टांगले होते. तिनं एक जोडी काढून दिली. मी पैसे दिले आणि बाहेर आले.

बाहेर पायरीवर सावली होती. तिथं बसून मी विचार केला. आता यांचा रेडिओ तर चालेल. घरी जावं, सुनेला म्हणावं सेल कुठं गेले माहीत नाही. उंदरानं नेले म्हणावं. उंदीर सेल नेतो का, याचाही मी थोडा वेळ विचार केला. मग पुन्हा आत गेले.

"हां काकू?"

या वेळी झिरोचा बल्ब मिळाला. हिरवा.

बाहेर पडताना दारात पेटीजवळ थांबले. भोकातून आत पाहिलं, काही दिसलं नाही. हात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला. तो बाहेर काढायला जरा वेळ लागला. दुकानातल्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा पंप घेणारे एक गृहस्थ गल्ल्यावरच्या बाईला म्हणाले, "मॅडम, माझं राहू द्या. आधी या काकूंचं पहा. कवाच्या उन्हात चकरा मारून राहिल्या."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. आता बोट दाखवून भागणार नव्हतं.

"माझे चार सेल पेटीत गेले," मी म्हटलं. आवाज मलाच ओळखू आला नाही. "ते मेलेले नव्हते."

"म्हणजे?"

"भरायचे सेल आहेत. पुन्हा भरतात ते. चुकून टाकले. माझ्या सुनेनं आणलेले आहेत."

बाईनं कपाळाला हात लावला. "काकू, त्या पेटीत शेकड्यांनी सेल आहेत. रिचार्जवालेही लोक टाकून जातात. तुमचे कसे ओळखायचे?"

"कुंकू लावलं आहे."

"कोणाला?"

"सेलांना."

मग ते पंपवाले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, काढा लवकर. सवाष्ण सेल आहेत ते, असे बाहेर ठेवू नये." आणि सगळे हसले. बाई एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. न हसून काय करणार होते?

तिनं किल्ली आणली, पेपर पसरला आणि पेटी उलटी केली. मी खाली बसले. बाई बसली. गृहस्थही पंप बाजूला ठेवून बसले. तांदूळ निवडतात तसे आम्ही सेल निवडत होतो. माझे जुने सेल मला ओळखू येत होते, पण त्यांच्याशी मी ओळख दाखवली नाही.

"हा पहा! टिकली!" गृहस्थ ओरडले.

एक मिळाला. मग दुसरा. तिसऱ्याचं कुंकू अर्धं पुसलं होतं, पण होतं. चौथा काही मिळेना. तेवढ्यात पेटी न्यायची गाडी आली.

बाईनं ढिगातून एक पांढरा-हिरवा सेल उचलला. "हा घ्या काकू. सेम कंपनी. कोणाला समजणार आहे?"

"याला कुंकू नाही," मी म्हटलं.

"अहो, लावा ना घरी जाऊन."

"नको. हा दुसऱ्यांचा आहे."

एवढं मी एका दिवसात कधी बोलले नव्हते. तिन्ही सेल पिशवीत ठेवायला गेले तर पिशवीतून कांदा घरंगळून ढिगात पडला.

"हा पण टाकायचा आहे का काकू?" बाईनं विचारलं.

घरी आले तेव्हा साडेचार झाले होते. हे खाटेवर बसले होते, मुका रेडिओ मांडीवर घेऊन.

"केवढी मोठी गच्ची आहे वं आपली," हे म्हणाले.

रेडिओत विकतचे दोन साधे सेल घातले, मिळालेल्यांपैकी दोन चार्जरमध्ये लावले आणि तिसरा तिथंच ठेवला. मॅचचा तासभर गेला होता, पण हे खूश झाले. मी मनात ठरवलं, चौथ्याबद्दल विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. एका सेलाला माहीत नाही म्हणता येतं. चारांना म्हणता आलं नसतं.

सातला सून आली. वारा सुटला होता म्हणून ती आधी गच्चीवरून मुंगवड्या घेऊन आली, धोतराचं गाठोडं करून. स्वयंपाकघरात परातीत ओतायला लागली. खडखड, खडखड, आणि मधेच टण्‌ असा वेगळा आवाज.

"आई," ती म्हणाली, "हा मुंगवड्यांत काय करून राहिला?"

तिच्या हातात चौथा सेल होता. पोटावर कुंकवाची टिकली, बाकी अंगाला मूगडाळ. सकाळी सूप ओतताना घरंगळून शेजारच्या वड्यांत गेला असणार.

मी माहीत नाही म्हणायला तोंड उघडलं. पण दुपारपासून तोंडाला सवय लागली होती. उन्हाचं सांगितलं, विजेचं सांगितलं, शेवटचं ऊन दाखवायचं सांगितलं, उंदराचं सुद्धा सांगितलं. बोलता बोलता लक्षात आलं की बाहेरच्या खोलीतला रेडिओ बंद झाला आहे. मॅच चालू असताना यांनी तो बंद केला होता.

सून परात तशीच ठेवून उभी होती. तिनं पहिलं उन्हाचं विचारलं नाही.

"तुम्ही दुकानात बोलल्या? सगळ्यांसमोर?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"ते मेलेले नव्हते म्हटलं."

तिनं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि तिन्ही वेळा हसली. मग शांतपणे सांगितलं, "आई, हे सेल उन्हानं भरत नाहीत, उलट खराब होतात. आणि चार्जरला वीज लागते ती किती, कूलरच्या समोर काहीच नाही. मला विचारायचं ना."

"समजदार बाई असं विचारते का?" मी म्हटलं.

तिला हे कळलं की नाही, माहीत नाही. तिनं चौथा सेल पदरानं, म्हणजे ओढणीनं पुसला, डाळ निघाली तशी टिकलीही निघाली. मग ती देवघराजवळ गेली, करंडा घेऊन आली आणि माझ्यापुढं धरला. "लावा. ओळख राहू द्या. पोटालाच."

"हिले लावायची गरज नाही," बाहेरून हे म्हणाले, "हिच्या कपाळावर आहेच. हरवली तर कोणीही आणून देईल."

मग त्यांनी रेडिओ लावला. मॅच संपली होती. कोण जिंकलं ते त्यांना बातम्यांपर्यंत समजलं नाही आणि त्याबद्दल त्यांनी मला अजून दोनदा ऐकवलं आहे.

आता आमच्याकडं सगळे सेल चार्जरवर भरतात. लाल दिवा जळत असला की मी त्या खोलीत जात नाही. संपलेले साधे सेल, ते विकतचे दोनही, तुपाच्या डब्यात जातात, आणि डबा महिन्यातून एकदा आम्ही दोघी मिळून पेटीत टाकून येतो. पेटीत टाकायच्या आधी सून प्रत्येक सेलाचं पोट पाहते. ती दुकानातली बाई मला पाहून हात हलवते. मीही हलवते. बोलत मात्र नाही.

हिरवा झिरोचा बल्ब अजून कोणी मागितलेला नाही. मी तो कुत्र्याच्या पट्ट्याशेजारी ठेवला आहे.